मारा-सेरेंगेटीच्या मुलुखातील छायाचित्रण

विषुववृत्ताच्या दक्षिणेस जेमतेम दीड अंशावर पसरलेल्या मासाई माराच्या माळावर सूर्य उगवतो तो क्षितिजाशी फारसा रेंगाळत नाही. तासाला सुमारे पंधरा अंश या गतीने तो जवळजवळ सरळ माथ्याकडे चढू लागतो, आणि ज्या तिरप्या, मृदू, सोनेरी प्रकाशात सिंहाची आयाळ कडांशी पेटल्यासारखी दिसते तो प्रकाश अडीच-तीन घटकांत विरून जातो. साडेसहाच्या सुमारास उजाडले तर आठ वाजता छायाचित्रकाराची खरी सकाळ संपलेली असते. पुढे दहाच्या सुमारास तापलेल्या भूमीवरून उठणाऱ्या हवेच्या थरांमुळे दूरचे दृश्य थरथरू लागते, आणि मग हाताशी सहाशे मिलिमीटरचे कितीही मोलाचे भिंग असले तरी दोनशे पावलांवरच्या प्राण्याचा डोळा काही केल्या स्वच्छ उमटत नाही, कारण दोष काचेत नसून मधल्या हवेत असतो. सायंकाळीही हाच प्रकार उलट्या क्रमाने घडतो. येथे बारा महिने दिवस बारा तासांचाच असल्याने ऋतुमानाचीही सवलत मिळत नाही. या प्रदेशात कॅमेरा घेऊन जाणाऱ्याच्या पदरी प्रकाशाच्या अशा दोन अरुंद संधी येतात. सुदैवाने मार्जारकुळातील मोठ्या प्राण्यांची दिनचर्याही बऱ्याच अंशी त्यांच्याच आसपास गुंफलेली असते. ही दिनचर्या जाणणे हेच या छायाचित्रणाचे मुख्य शास्त्र होय, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्राचे ज्ञान तिच्या मागोमाग येते.

टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटर, आणि त्याला उत्तरेकडून लागून असलेल्या केनियातील मासाई मारा राखीव क्षेत्राचा सुमारे १,५१० चौरस किलोमीटर. दोहोंमधील सरहद्द दोन सरकारांच्या दप्तरी काटेकोरपणे आखलेली असली तरी जमिनीवर तिला ना कुंपण ना खंदक, त्यामुळे प्राण्यांच्या लेखी हा सारा एकच मुलूख आहे. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपासच्या या पठारावर पहाटे अंगात गरम कपडा लागतो. गवताळ माळ, मधूनमधून बाभळीच्या जातीची छत्रीसारखी पसरलेली झाडे, ग्रॅनाइट खडकांचे एकाकी उंचवटे आणि नद्यांच्या काठाने जाणारी दाट झाडीची पट्टी, एवढीच या भूदृश्याची सामग्री. परंतु या मोकळेपणामुळेच जगाच्या पाठीवर अन्यत्र दुर्मीळ असलेली गोष्ट येथे शक्य होते, ती म्हणजे हिंस्र प्राण्याचे सबंध वर्तन, आरंभापासून अखेरपर्यंत, डोळ्यांसमोर घडताना पाहणे.

ताडोबाच्या किंवा पेंचच्या वनात ज्यांचा हात बसला आहे अशा मराठी छायाचित्रकारांना येथे आल्यावर आपल्या काही सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. तिकडे भिस्त कानांवर. वानराचे खेकसणे, सांबराची तार किंवा चितळाची हाक ऐकून वाघाची दिशा ताडायची आणि बांबूच्या बेटातून तो रस्त्यावर येईल तेवढ्या चार क्षणांत काय साधेल ते साधायचे. येथे भिस्त नजरेवर असते. गॅझेलांचा कळप चरणे थांबवून एकाच दिशेस तोंडे करून उभा राहिला, किंवा झाडाच्या शेंड्याशी पाला खाणारा जिराफ मान स्थिर करून खाली कुठेतरी टक लावून पाहू लागला, की त्याच्या दृष्टीच्या रेषेत दुर्बीण फिरवावी. बहुधा गवतात दोन कान दिसतात. आणि एकदा प्राणी दिसला की तो क्षणात नाहीसा होण्याची भीती नसते. यामुळे घाई करण्याचे कारण उरत नाही. आणि तरीही येथे येणारी बहुसंख्य मंडळी घाईच करतात, ही खेदाची गोष्ट आहे.

या घाईचे मूळ शोधू गेले तर थोडे इतिहासात शिरावे लागते. आफ्रिकेतील वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणाचा जन्म शिकारीच्या पोटी झाला. कार्ल गेओर्ग शिलिंग्ज हा जर्मन शिकारी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तत्कालीन जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियात, किलिमांजारो पर्वताच्या परिसरात अवजड पेटीचे कॅमेरे, काचेच्या प्लेटा आणि मॅग्नेशियमची भुकटी घेऊन हिंडला. रात्री गाढव किंवा बैल आमिष म्हणून बांधायचा, कॅमेरा रोखून ठेवायचा, आणि भक्ष्यावर झेपावणाऱ्या सिंहाचा धक्का दोरीला लागताच भुकटीचा भडका उडून त्याच क्षणी चित्र उमटावे अशी तजवीज करायची, ही त्याची रीत. ती भुकटी स्फोटक. आर्द्रतेने निकामी होणारी. दोरीला सिंहाऐवजी तरसाचा किंवा कोल्ह्याचा पाय लागून रात्र फुकट जाणे नित्याचे. तरीही या खटाटोपातून ज्या थोड्या प्लेटा साधल्या त्यांनी १९०५ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर युरोपात खळबळ उडवली, कारण मोकळ्या रानात, रात्रीच्या अंधारात, आपल्या उद्योगात गढलेला सिंह त्यापूर्वी कोणी कागदावर पाहिलेलाच नव्हता. चित्रांतले ते चकाकणारे डोळे म्हणजे नेत्रपटलामागील परावर्तक थराचा परिणाम. अंधुक प्रकाश दुसऱ्यांदा वापरण्याची ही निसर्गाची योजना मार्जारकुळाला रात्रीचे राज्य बहाल करते.

शिलिंग्जच्या ग्रंथाच्या नावातच प्रकाश आणि बंदूक ही जोडी होती, आणि ती जोडी पुढे कितीतरी वर्षे फुटली नाही. एडवर्ड नॉर्थ बक्स्टन या इंग्रज गृहस्थाने १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात आफ्रिकेतील प्राण्यांच्या रक्षणाचा आग्रह धरून बंदुकीच्या जागी कॅमेरा घेण्याची शिफारस केली होती. पण १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत आले तेव्हा त्यांनी व त्यांच्या पुत्राने मिळून पाचशेहून अधिक मोठी जनावरे मारली, आणि त्याच सुमारास त्याच प्रदेशात चेरी कीर्टन हा इंग्रज चलचित्रकार आपले यंत्र खांद्यावर घेऊन प्राण्यांमागे हिंडत होता. आर्थर रॅडक्लिफ डग्मोर याने त्याच वर्षी याच प्रदेशात, केवळ छायाचित्रांसाठी म्हणून, गेंड्यांच्या चालून येण्यापर्यंतचे प्रसंग टिपले आणि पुढल्या वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. एकाच ऋतूत, एकाच मुलुखात, दोन वृत्ती अशा समोरासमोर उभ्या होत्या. आपल्याकडे संयुक्त प्रांताच्या जंगलखात्यात नोकरीस असलेल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेवर ताणलेल्या तारेला वाघाचा स्वतःचाच पाय लागून प्रकाश पडावा अशी योजना केली आणि १९२७ साली आपली चित्रे ग्रंथरूपाने पुढे आणली; शिकार हा साहेबी थाटाचा अविभाज्य भाग मानल्या जाणाऱ्या त्या काळात एका अंमलदाराने हा मार्ग धरावा, याचे मोल मोठे आहे.

कॅमेरा हाती घेतला म्हणून शिकाऱ्याची लालसा मात्र आपोआप ओसरत नाही. १९२० ते १९४० च्या दरम्यान पूर्व आफ्रिकेत चित्रपट काढणाऱ्या मंडळींनी सिंहांपुढे मेलेल्या झेब्र्यांची आमिषे टाकली, मोटारीमागे मांस बांधून ओढत नेऊन त्यांना हव्या त्या जागी आणले, आणि चित्र अधिक थरारक व्हावे म्हणून प्राण्यांना डिवचून अंगावर येण्यास भाग पाडले. केनियात शिकारीवर संपूर्ण बंदी आली ती १९७७ साली. तोपर्यंत एकाच मुक्कामातून एक मोटार बंदुकांची व दुसरी कॅमेऱ्यांची निघत असे. भिंत सजवण्यासाठी मुंडके हवे असणे आणि दाखवण्यासाठी चित्र हवे असणे यांत प्राण्याच्या दृष्टीने जीवनमरणाचे अंतर आहे हे खरे. पण 'मला हवे' हा शब्द दोहोंत सारखाच राहिला, तर त्याचे परिणाम कसे होतात ते पुढे चित्त्याच्या प्रकरणी दिसेल.

प्रथम सिंहाकडे वळू. मारा-सेरेंगेटीत सिंह दिसणे अवघड नाही. दिसला तेव्हा तो जागा असणे हे अवघड, कारण चोवीस तासांपैकी अठरा-वीस तास तो लोळण्यात व झोपण्यात घालवतो. जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञाने १९६६ पासून तीनेक वर्षे सेरेंगेटीत राहून सिंहांच्या जीवनक्रमाची जी बारकाईची नोंद केली आणि १९७२ साली ग्रंथरूपाने मांडली, ती वाचलेल्या छायाचित्रकाराला हे कळते की उन्हाच्या वेळी झुडुपाखाली पडलेल्या कळपापाशी तासभर तिष्ठण्यापेक्षा पहाटेच्या पहिल्या उजेडात रात्रीच्या शिकारीची खूण शोधणे श्रेयस्कर. राखीव क्षेत्रात रात्री मोटार फिरवण्यास मनाई असल्याने उजाडताच जे दिसते ते रात्रीच्या नाटकाचा शेवटचा अंक असते: फुगलेली पोटे, हनुवटीवर सुकलेले रक्त, दवाने ओली झालेली आयाळ, आणि गारव्यामुळे अंगात हुरूप असलेली पिले आईच्या शेपटीशी खेळत असतात. ऊन चटका देऊ लागण्यापूर्वीचा हा एखादा तास साऱ्या दिवसाहून मोलाचा आहे. सायंकाळी उलट, कळप उठण्यापूर्वी एकेका सिंहिणीस जांभया येऊ लागतात. एक जांभई देते, मग दुसरी देते, अंग ताणले जाते, एकमेकींच्या गालांवर गाल घासले जातात. लागोपाठ जांभया दिसू लागल्या की जाणत्याने भिंग सज्ज करावे, कारण हालचाल आता घटकाभरावर आली आहे.

या जांभईच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. जबडा पुरता उघडलेला, सुळे चमकणारे असे जे चित्र 'डरकाळी फोडणारा वनराज' म्हणून छापले जाते ते बहुतेक वेळा जांभईचे असते; आणि नाक आक्रसून, वरचा ओठ मागे खेचून दात दाखवणारा 'संतप्त' सिंह हा पुष्कळदा सिंहिणीच्या मूत्राचा गंध टाळूतील विशिष्ट इंद्रियाकडे नेण्यात गुंतलेला असतो, त्याला रागाचा लवलेशही नसतो. खऱ्या गर्जनेची मुद्रा निराळी असते. मान जमिनीकडे किंचित झुकते, तोंड अर्धेच उघडते, ओठ पुढे येतात, आणि बरगड्यांपासून पोटापर्यंतचा सारा भाग भात्यासारखा आत-बाहेर होऊ लागतो. थंड पहाटे सूर्य सिंहाच्या मागे असेल तर प्रत्येक हुंकारासरशी तोंडातून निघणारी वाफ स्वच्छ दिसते आणि ती चित्रात उमटते. असे चित्र पाहणाऱ्याला आवाज ऐकू येत नसला तरी त्यात खोटे काही नसते. चित्राखालची ओळ लिहिण्यापूर्वी खातरजमा करणे हा छायाचित्रकाराचा धर्म आहे, कारण घरी बसून चित्र पाहणाऱ्याजवळ त्या प्राण्याविषयी दुसरा पुरावा नसतो.

प्राणी पाहावा तो त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून. सफारीच्या मोटारींचे छत वर उचलता येते आणि उभे राहून चौफेर पाहण्यास ते फार सोयीचे असते; परंतु तेथून जवळच्या सिंहाचे चित्र घेतले तर तो वरून दाबल्यासारखा, ठेंगणा दिसतो आणि मागे नुसते गवत येते. तेच चित्र खिडकीतून, भिंग शक्य तितके खाली आणून घेतले तर मागचे क्षितिज मोकळे होते. यासाठी तिपाईचा उपयोग नाही. जाड कापडाची रिकामी पिशवी बरोबर न्यावी, नैरोबीत उतरल्यावर तीत तांदूळ किंवा डाळ भरून घ्यावी आणि ती खिडकीच्या कडेवर ठेवून तिच्यावर भिंग टेकवावे. कोणत्याही महागड्या साधनाइतका स्थिर आधार मिळतो. मात्र मोटारीचे यंत्र बंद असले पाहिजे, आणि आतल्या मंडळींनी हलता कामा नये. खाली उतरण्याची तर गोष्टच नको. मोटार आणि तिच्यातील माणसे या साऱ्याला येथील प्राणी एकच निरुपद्रवी वस्तू मानून चालतात; एक माणूस बाहेर पडला की ही समजूत मोडते आणि क्षणात प्राणी पळतो किंवा अंगावर येतो.

चित्ता हा उघड्या माळावर, दिवसाढवळ्या शिकार करणारा प्राणी. सिंह व तरस यांच्याशी गाठ टाळण्यासाठी त्याने जणू ही वेळ पत्करली आहे. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यापासून ओठांपर्यंत उतरलेल्या काळ्या रेषा छायाचित्रकाराला फार प्रिय, कारण चेहऱ्याला त्या विलक्षण रेखीवपणा देतात. चित्तीण शिकारीला निघते तेव्हा प्रथम एखाद्या वारुळावर चढून बसते आणि बराच वेळ नुसती पाहत राहते. मग ती उतरते. मान पाठीच्या रेषेत, खांद्याची हाडे एकाआड एक वर येणारी, पाऊल टाकण्यापूर्वी हवेत क्षणभर थांबलेले. गॅझेलने डोके खाली घातले की दोन पावले पुढे, डोके वर केले की पुतळा. हा खेळ कधी अर्धा तास चालतो आणि निम्म्याहून अधिक वेळा काहीही न होता संपतो. जेव्हा धाव सुटते तेव्हा ती काही सेकंदांची असते. बोट्स्वानात चित्त्यांच्या गळ्यात मापनयंत्रे बांधून केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वाधिक वेग ताशी ९३ किलोमीटर आढळला आणि धावेची सरासरी लांबी १७३ मीटर. बऱ्याचशा शिकारी यापेक्षा पुष्कळ कमी वेगाने साधल्या होत्या, आणि यशाची मदार वेगापेक्षा झपाट्याने वळण्यावर व गती आवरण्यावर असल्याचे दिसून आले.

या आकड्यांचा छायाचित्रकाराशी थेट संबंध आहे. ताशी ९३ किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे सव्वीस मीटर. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडे राहिले तरी तेवढ्यात प्राणी अडीच सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो, आणि पंजे तर धडाहूनही जलद हलत असतात. म्हणून आडव्या धावेसाठी सेकंदाचा तीन हजारावा भाग किंवा त्याहून कमी काळ ठेवावा लागतो. याच्या अगदी विरुद्ध मार्गही आहे: शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडे ठेवून, धावणाऱ्या प्राण्याबरोबर कॅमेरा त्याच गतीने फिरवत न्यायचा, म्हणजे डोके बरेचसे स्पष्ट राहते आणि पाय व गवत रेषांत विरघळून जातात. या रीतीने बहुतेक प्रयत्न वाया जातात हे खरे, परंतु वेग म्हणजे काय हे दाखवण्यास मला तीच अधिक प्रामाणिक वाटते. पहिल्या रीतीत चित्ता हवेत टांगल्यासारखा दिसतो. शिकार साधल्यावर चित्तीण गळा आवळून धरते आणि नंतर कितीतरी मिनिटे धापा टाकीत शेजारी पडून राहते. तोंड घालण्याचेही त्राण तिच्यात नसते. आकाशातून एखादे गिधाड उतरू लागले की ते पाहून तरस धावत येतात आणि ती झुंज न देता हटते, कारण जखमी चित्ता म्हणजे उपाशी चित्ता.

आणि इथेच आपण मधे येतो. धावेच्या मार्गात मोटार आणून उभी केली, दबा धरलेली असताना यंत्राचा आवाज केला, शिकारीभोवती मोटारींचे कडे पडून आई व पिले यांची ताटातूट झाली, तर तिच्या आधीच काठावर असलेल्या हिशेबात तूट येते. मारा प्रदेशात फेमके ब्रूकहाउस या संशोधिकेने केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की जेथे पर्यटकांची वर्दळ कमी तेथे चित्तीण एका वेतातील सरासरी २.३ पिले स्वतंत्र होईपर्यंत वाढवते. जेथे वर्दळ फार तेथे हे प्रमाण ०.२ वर येते. पाच वेतांत मिळून जेमतेम एक पिलू! सेरेंगेटीच्या माळावर पूर्वी झालेल्या अभ्यासात मुख्यतः सिंहांमुळे शंभरांपैकी सुमारे पाचच पिले मोठी होत असल्याचे दिसले होते. म्हणजे हा प्राणी मुळातच फार बारीक धाग्यावर जगतो आणि त्या धाग्याला आपण हौसेने हात लावतो. माराच्या नियमांप्रमाणे एका प्राण्यापाशी एका वेळी पाचहून अधिक मोटारी असू नयेत, बाकीच्यांनी दूर आपली पाळी येईपर्यंत थांबावे. नियम चांगला आहे. गर्दीच्या दिवसांत तो सर्रास मोडला जातो. मोटार हाकणाऱ्या मार्गदर्शकाला दोष देऊन आपण सुटतो, परंतु त्याची बक्षिसी आपल्या हातात असते आणि 'आणखी थोडे पुढे घ्या' असे सांगणारा आवाज मागच्या आसनावरून आलेला असतो.

केनियात या मार्गदर्शकांच्या व्यावसायिक संघटनेतर्फे कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन श्रेणींच्या परीक्षा घेतल्या जातात, आणि वरच्या श्रेणीचा मार्गदर्शक लाभणे हे उत्तम भिंग लाभण्यापेक्षा भाग्याचे. सूर्य कोठे आहे, प्राणी कोणत्या बाजूस चालत जाईल, त्या वाटेवर कोठे थांबले म्हणजे तो आपणहून समोर येईल, हे तो आधीच ओळखून मोटार अशा जागी लावतो की प्राण्याला वाट बदलावी लागत नाही. पहिल्याच सकाळी त्याला निःसंदिग्ध शब्दांत सांगून टाकावे की आम्हाला प्राण्यांची संख्या नको, एकाच ठिकाणी बसून राहण्याची आमची तयारी आहे, आणि नियम मोडून चित्र मिळणार असेल तर ते आम्हाला नको. हे ऐकून त्याचा चेहरा मोकळा होतो.

बिबळ्याविषयी थोडक्यात. तो नदीकाठच्या झाडीत, आडव्या फांदीवर पाय लोंबकळत सोडून झोपतो, आणि त्याला शोधताना अंग न शोधता पानांखाली लोंबणारी शेपटी शोधावी. त्याचे चित्र बिघडते ते आकाशामुळे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालतो. मागे पांढुरके आकाश असले की तो प्रकाश कमी करतो आणि बिबळ्या काळा ठिक्कर उमटतो, तर चौकट काळ्या रानरेड्याने भरली असता तो प्रकाश वाढवतो आणि रेडा राखाडी दिसतो. पहिल्या ठिकाणी हाताने प्रकाश वाढवावा, दुसऱ्या ठिकाणी कमी करावा. बाकी काम धीराचे. तो उतरेल तेव्हा उतरेल.

जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत मारा नदीवर विल्डबीस्टचे कळप पार होतात ते दृश्य पाहण्यास सारे जग लोटते. आज या मुलुखात तेरा लाखांच्या घरात असलेला हा प्राणी एके काळी येथून जवळजवळ नाहीसा झाला होता. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी एरिट्रियाच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या गुरांबरोबर बुळकांडीचा रोग आफ्रिकेत शिरला आणि दहा वर्षांत मासाईंची गुरे, रानरेडे व विल्डबीस्ट यांचा फडशा पाडत तो खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. पुढे गुरांना लस टोचण्याची मोहीम यशस्वी झाली तसा रानातला रोगही ओसरला, आणि १९६१ साली अडीच लाखांच्या आसपास असलेली विल्डबीस्टची संख्या १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेली. बर्नहार्ड ग्झिमेक व त्यांचा पुत्र मिखाएल यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या विमानातून या माळाची प्रथमच आकाशातून मोजदाद केली. जानेवारी १९५९ मध्ये त्याच विमानाला गिधाड धडकून मिखाएलचा अंत झाला. त्यांच्या सेरेंगेटीवरील चित्रपटाने जगाचे लक्ष या भूमीकडे वळवले, आणि कॅमेऱ्याने एखाद्या मुलुखाची बाजू मांडल्याचा तो थोर दाखला आहे.

नदी पार होण्याच्या प्रसंगी कळप काठाशी येतो, थबकतो, मागच्यांचा रेटा येतो, पुढचे बुजून मागे वळतात, आणि असे तासन्‌तास चालते. मोटारींनी उताराची वाट अडवली तर कळप दुसऱ्या, अधिक उभ्या कड्यावरून उड्या घेतो आणि मग पाय मोडतात. म्हणून पहिले जनावर पाण्यात उतरेपर्यंत काठापासून दूर राहावे. चित्राच्या दृष्टीनेही यात नुकसान नाही. उतरत्या दुपारच्या तिरप्या उन्हात कळपामागून उठलेली धूळ उजळून निघते, आणि त्या धुळीतून उतरणारी शिंगांची रांग दुरूनच अधिक शोभते. धूळ भिंगालाही सोडत नाही, यास्तव माळावर भिंग बदलू नये आणि मऊ कुंचला जवळ ठेवावा.

एवढा खटाटोप करून आणलेल्या चित्रांचा उपयोग दिवाणखान्यापुरता समजू नये. सी. जे. पेनिक्विक व ज्युडिथ रुडनाई यांनी १९७० साली दाखवून दिले की सिंहाच्या मिशा जेथून उगवतात तेथील काळ्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक सिंहात निराळी असते आणि ती आयुष्यभर टिकते. सर्वांत वरच्या अपुऱ्या ओळीतील ठिपके खालच्या ओळीतील कोणत्या ठिपक्यांच्या वर येतात हे पाहून सिंहाची ओळख पटवता येते. चित्त्याच्या बाबतीत अंगावरचे ठिपके व शेपटीवरची वलये हेच काम करतात, आणि सेरेंगेटीतील चित्त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी १९७४ पासून अशाच छायाचित्रांच्या आधारे ठेवल्या गेल्या आहेत. उजव्या डोळ्यावरील व्रणामुळे जगभर प्रसिद्ध झालेला माराचा एक सिंह जून २०२१ मध्ये चौदा वर्षांच्या दीर्घायुष्यानंतर मेला; त्याच्या तारुण्यापासून अखेरच्या दिवसापर्यंतची कैफियत असंख्य प्रवाशांच्या चित्रांतून जुळवता येते. अभ्यासकाला असे चित्र उपयोगी पडावे यासाठी कौशल्यापेक्षा शिस्त लागते. मुद्रा समोरून घेतल्यावर सिंह मान वळवील तेव्हा एका गालाचे आणि पुढे दुसऱ्या गालाचे, अशी दोन साधी चित्रे न विसरता घ्यावीत, कारण दोन्ही बाजूंच्या ठिपक्यांची रचना सारखी नसते. कॅमेऱ्याचे घड्याळ स्थानिक वेळेवर लावलेले असावे, आणि रात्री मुक्कामी परतल्यावर त्या दिवसाची तारीख, जागा, कळपातील माद्या, नर व पिले यांची संख्या मार्गदर्शकाला विचारून वहीत उतरवून ठेवावी.